निवडून पाठवलेलं लोखंड

५६१, ५६२, ५६१, ५६१, ५६२, ५६१.

सहा सळया, सहा आकडे, सहाही पास. पाचशेच्या आत ढिली पडली तर सळई नापास, एवढाच नियम. या तर साठ-साठ वर गेल्या होत्या. मी मशीन बंद केली, हात पुसले आणि ते आकडे पुन्हा वाचले. मला ते आवडले नाहीत.

सहा वेगवेगळ्या बंडलांतलं लोखंड इतकं सारखं वागत नाही. एखादी सळई ५३० वर ढिली पडते, एखादी ५८० पर्यंत दम धरते, एखादी ५१० वर कशीबशी पार होते. एका आईची सहा लेकरं इतकी सारखी निघत नाहीत, आणि हे तर बाजारातून आणलेलं लोखंड.

मी खामगावच्या एका खासगी लॅबमध्ये वस्तू ओढून तोडायचं काम करतो. आठ वर्षं झाली. सळई येते, ठिबकची नळी येते, पाइपातून कापलेली प्लास्टिकची पट्टी येते. वरच्या-खालच्या जबड्यात पकडायची आणि तुटेपर्यंत ओढायची. किती जोरावर ढिली पडली, किती लांबली, कशी तुटली, ते लिहायचं. चांगली सळई तुटायच्या आधी कंबरेत बारीक होते, सांगून तुटते. खराब सळई काहीच सांगत नाही. खाली उभ्या असलेल्या माणसाला हा फरक कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

हे नमुने धामणखेडीहून आले होते. सोनाळ्याच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. तिथं पाण्याची टाकी उभी राहत होती, बारा मीटर उंच, पन्नास हजार लिटरची. पाया झाला होता. शुक्रवारी खांब भरायचे होते. टाकीपासून वीस पावलांवर अंगणवाडी, आणि त्या अंगणवाडीची सेविका जयमाला, माझी सख्खी मोठी बहीण. नमुन्यांच्या गोणपाटावर लाखेचं सील लावून सही केली होती पाणी समितीच्या अध्यक्षानं. तो जानराव, माझ्या बहिणीचा सासरा. सहीखाली त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : बंडल एक ते सहा, प्रत्येकी एक नमुना.

तुटलेले बारा तुकडे मी जमिनीवर मांडले. तुटलेल्या बाजू सोडल्या आणि करवतीनं कापलेली टोकं पाहिली. कापणाऱ्याचा हात सरळ चालत नव्हता. प्रत्येक काप तिरका, आणि अर्ध्यावर दमून सळई फिरवून घेतल्यामुळं मधोमध एक पायरी पडलेली. एक नंबरची पायरी दोन नंबरला बसली. दोनची तीनला. सळईच्या अंगावरची उभी धार एका तुकड्यातून दुसऱ्यात सरळ गेली. पाच मिनिटांत सहा बंडलांचे सहा नमुने एका रांगेत लागले आणि त्यांची एकच सळई झाली.

“काय, रेल्वे खेळून राह्यला काय?”

दारात शेखर सर उभे होते. लॅबचे मालक. कधीपासून उभे होते कोण जाणे. एरवी मशीनकडे महिना-महिना न फिरकणारा माणूस आजच काऊन आला, हे मी मनात टिपून ठेवलं.

“सर, हे पाहा. सहाच्या सहा एकाच सळाखीतून कापल्या.”

त्यांनी पाहिलं. फार वेळ पाहिलं नाही. “मंग?”

“मंग काय? बाकी पाच बंडलं कशी हायेत हे कोनालेच माहीत नाही.”

“आपल्याकडे सहा नमुने आले, आपन सहा तोडले. रिपोर्टच्या खाली काय छापलं हाये? निकाल फक्त आलेल्या नमुन्यापुरता. वाचता येते ना?”

“मले येते. अंगणवाडीतल्या पोराईले येत नाही. त्यायले कोन वाचून दाखवन?”

“भाषण नको देऊ बे. सही कर.”

रिपोर्टवर दोन सह्या लागतात, तोडणाऱ्याची आणि मालकाची. ती बारीक अक्षरातली ओळ आठ वर्षं माझ्या सहीच्या खाली छापलेली आहे. त्या ओळीमागं लपून कोणीही काहीही बांधू शकतं. मी पेन खिशात ठेवलं.

तेवढ्यात शेखर सरांचा फोन वाजला. ठेकेदार गोकुळ. सरांनी मुद्दाम आवाज मोठा केला.

“सर, रिपोर्ट पास झाला ना? मी फक्त एवढ्यासाठीच फोन केला. तसा तं होनारच होता.”

“तुले कसं माहीत होनारच होता?” मी मधेच विचारलं.

पलीकडून हसणं. “अरे, हर्षलभाऊ हायेत का? भाऊ, तुमच्या ताईच्या गावचं काम हाये. तिथी मी कायले खराब माल टाकीन?”

मी माझ्या ताईचं नाव त्याला कधी सांगितलं नव्हतं. हेही टिपून ठेवलं.

शेवटी शेखर सरांनी मला एक दिवस दिला. उद्या संध्याकाळपर्यंत सही झाली नाही तर ते दुसऱ्या माणसाकडून करून घेणार होते. दुसरा माणूस कोण, ते म्हणाले नाहीत. लॅबमध्ये मशीन चालवणारा मी एकटाच आहे. म्हणजे उद्यानंतर मी नसणार, असा त्याचा अर्थ.

सकाळी मोटरसायकल काढली. शेगाव, वरवट बकाल, संग्रामपूर, सोनाळा. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता : गोकुळनं जानरावाला काय दिलं असेल. सोयरा आहे, वयानं मोठा आहे, माझ्या बहिणीला त्याच घरात राहायचं आहे, हे सगळं मला माहीत होतं. पण माणूस विकला जातो तेव्हा तो कोणाचा तरी सासराच असतो, कोणाचा तरी बापच असतो.

घरात शिरलो तर ओसरीवर नवा कूलर. गावात लोड शेडिंग, अन् याच्या ओसरीवर नवा कूलर.

“मस्त हाये कूलर,” मी म्हटलं.

जयमाला पाणी घेऊन आली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. “माह्या मानधनातून घेतला. काऊन?”

“काही नाही. विचारलं.”

“तू कधी नुसतं विचारत नाहीस. लहानपनी आईनं लाडू दिला तरी तू पह्यले तो फोडून पाहे.” तिनं पाण्याचा तांब्या ठेवला. “कामावून कसा काय आला आज?”

मी तिला सांगितलं नाही. तिच्या तोंडावरून घरात गोष्ट फिरायला वेळ लागत नाही, आणि जानराव सावध व्हायला नको होता. बहिणीवरही भरवसा ठेवला नाही. खोटं कशाला लिहू.

जानराव टाकीवरच होता. सत्तरीचा, काटक, डोक्याला उपरणं. पायाच्या खड्ड्याजवळ खुर्ची टाकून, जशी खळ्यावर राखण करावी तसा बसला होता. बाजूला सळयांची बंडलं. मला पाहून खूश झाला.

“या पाव्हने. पास झालं ना आपलं लोखंड?”

आपलं लोखंड. मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. चोर असा हसत नाही, किंवा फार मुरलेला असला तरच हसतो.

“मामाजी, नमुने कोनं कापले?”

“म्या.”

“सहा बंडलांतून सहा?”

तो थांबला नाही, चाचरला नाही. “नाही. एकाच सळाखीतून. सहा पाह्यजेत म्हने, म्हनून सहा केले.”

मी गाडीवरून उतरायचंसुद्धा विसरलो होतो. “अन् कागदावर तं प्रत्येकी एक लिहिलं.”

“तसं लिहा लागते म्हनला गोकुळ. अरे बाप्पा, मी दोन दिवस या ढिगाजवळ बसलो. एकेक सळाख हातात घेऊन पाह्यली. पाच बंडलं मले जमलीच नाहीत. कोनाची साल निघून राह्यली, कोनी हलकी लागे, कोनाच्या धारा बसलेल्या. सहाव्या बंडलातली एक पाह्यली, निळी, सरळ, वजनदार. म्हटलं, ही पाठवू. रॉकेलनं पुसली, कापली. दोन पाती मोडली करवतीची.”

“पन नमुना असा नसते मामाजी.”

“मंग कसा असते?” आता तो थोडा चिडला. “सोयरीक पाहाले पाव्हने येतात तवा आपन पोरीले चुलीजवळून उठून तशीच आनतो काय? कापसाची गाडी बाजारात नेतो तवा वरून किडका कवडी कापूस ठेवतो काय? खामगावले गावाचं लोखंड जाऊन राह्यलं. नापास झालं असतं तं धामणखेडीचं नाव खराब झालं असतं. अध्यक्ष मी हावो.”

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. या माणसाला वाटलं होतं, परीक्षा गावाची आहे. जसा शाळेत तपासणीला साहेब यायचा आणि मास्तर हुशार पोरं पुढच्या रांगेत बसवायचे, तसं त्यानं लोखंड पुढच्या रांगेत बसवलं होतं.

“नमुना निवडाले पाणीपुरवठ्याचे साहेब का नाही आले?”

“साहेब दुसऱ्या कामावर होते. फोनवर म्हनले, ठेकेदार अन् अध्यक्ष मिळून काढून घ्या. गोकुळ तं हातच लावत नव्हता. म्हने, काका, तुमीच निवडा. तुमच्या मनासारखं निवडा. मी निवडलं तं उद्या गाव म्हनन, ठेकेदारानं लबाडी केली.”

तेव्हा मला गोकुळ कळला. कूलर नाही, पाकीट नाही, दारूची बाटली नाही. त्यानं या म्हाताऱ्याला फक्त मान दिला आणि बाजूला उभा राहिला. त्याला माहीत होतं, गावचा माणूस वाईट काढून चांगलंच पाठवणार. त्यानं किती गावांत हे केलं असेल? आणि मी आठ वर्षांत अशा किती निवडक सळया तोडून खाली सही केली असेल? कापलेली टोकं मी या आधी कधीच जुळवून पाहिली नव्हती. त्या दिवशी आकडे फारच सारखे आले म्हणून पाहिली. मी काही मोठा तीर मारला नव्हता.

“मामाजी, जे पाच तुमाले जमले नाहीत ना, ते या खांबात जानार हायेत.”

“हाव. पन आता तं पास झालं ना लोखंड?”

“पास ती एक सळाख झाली. ती तुमी तोडाले पाठवली. टाकी उभी राहीन ती बाकीच्या पाचावर.”

त्यानं उपरणं काढून पुन्हा बांधलं. अंगणवाडीतून पोरांचं पाठांतर ऐकू येत होतं, जयमाला पुढं, पोरं मागं. तो तिकडे पाहत होता.

“नवीन नमुने द्या,” मी म्हटलं. “पाच बंडलांतून एकेक. डोळे झाकून ओढा. अन् पह्यले नमुने एकाच सळाखीचे होते असं लिहून द्या.”

“लिहून?”

“लिहून. नाही तं एकाच गावचे दोन नमुने, दोन्हीवर तुमचीच सही. लॅब कोनता खरा धरन?”

“म्हंजे म्या खोटी सही केली असं माह्याच हातानं लिहू?”

“हाव.”

“गाव काय म्हनन, हर्षल? चाळीस वर्षं या गावात माह्या शब्दावर सोयरिकी जुळल्या.”

मला दया यायला पाहिजे होती. आली नाही. मला वाटलं, हा आता पलटणार. बाजूला जाऊन गोकुळला फोन लावणार. मी त्याच्या खिशातल्या मोबाइलवर नजर ठेवून उभा राहिलो. तो उठला, पण फोन काढला नाही. करवत काढली.

पहिल्या बंडलाजवळ गेला. हात घातला. मी म्हटलं, डोळे झाका. त्यानं खरंच डोळे झाकले. म्हातारा माणूस, भर उन्हात, डोळे झाकून लोखंडाच्या ढिगात हात घालून उभा. पाच सळया ओढल्या, पाचही कापल्या. यावेळी मी मदत केली नाही. काप त्याच्याच हाताचे असायला पाहिजे होते.

दुपारी आम्ही दोघं खामगावात. तो रस्ताभर गाडीवर मागं बसलेला, मांडीवर गोणपाट, आडवं धरून.

शेखर सरांनी आम्हाला पाहिलं आणि घड्याळाकडं पाहिलं. पण सीलबंद नमुना, अध्यक्ष स्वतः हजर, नाही म्हणायला त्यांना जागा नव्हती. तेवढ्यात गोकुळही आला. कोणी कळवलं ते मी विचारलं नाही. मी फक्त शेखर सरांकडे पाहिलं, आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले.

पहिली सळई जबड्यात धरली. जानराव जवळ येऊ लागला, मी त्याला जाळीच्या मागं उभं केलं. मशीन घुमायला लागली. काटा चारशेच्या पुढं गेला, ४३१ वर रेंगाळला, आणि थोड्याच वेळात फाडकन आवाज. कंबर नाही, काही नाही. सपाट तुटली. ऐंशी मिलिमीटरची खूण होती, दोन तुकडे जोडून मोजली तर शहाऐंशी. कालची पंच्याण्णवपर्यंत ताणली होती.

दुसरी ४४६. तिसरी ५१२, पास, रडतखडत. चौथी ४१९. पाचवी ५०४.

जानरावानं चौथीचा तुकडा हातात मागितला. तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. ते तोंड मिठाच्या खड्यासारखं चमकत होतं.

“ही तं मले तवाच जमली नव्हती,” तो म्हणाला. “हीच. हिची साल निघून राह्यली होती.”

त्याच्या एकट्याच्या डोळ्यांनी, मशीन नसताना, खराब लोखंड बरोबर ओळखलं होतं. आणि ओळखून बाजूला ठेवलं होतं, म्हणजे खांबांसाठी.

गोकुळ पुढं झाला. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. “काका, मी तं म्हटलंच होतं, तुमीच निवडा. माह्या मनात काही असतं तं मी तुमच्या हाती देलं असतं काय? डीलरनं मले फसवलं. माल वापस करतो.”

“तू नमुन्याले हात काऊन नाही लावला?” मी विचारलं.

“मान ठेवला मोठ्या मानसाचा. तो बी गुन्हा हाये का तुमच्या लॅबमधी?”

त्याला धरायला काहीच नव्हतं. त्याच्या सहीचा एक कागद नाही. सगळ्या सह्या म्हाताऱ्याच्या. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्यालाही ते दिसलं असावं, कारण तो एक पाऊल मागं सरकला.

जानरावानं माझ्याकडं कोरा कागद मागितला. टेबलाशी बसला. लिहायला त्याला अर्धा तास लागला. मी त्याच्या खांद्यावरून वाचत होतो, कारण मला अजूनही वाटत होतं की तो शब्द फिरवेल, ‘चुकून’ लिहील, ‘गैरसमजातून’ लिहील. त्यानं लिहिलं : पहिले सहा नमुने मी एकाच सळाखीतून कापले. ती मी निवडून घेतली होती. बाकीचं लोखंड मला खराब दिसत होतं तरी मी कोणाला सांगितलं नाही. मग खाली पूर्ण नाव.

“शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं, मामाजी,” मी म्हटलं.

“काऊन? खरं हाये ते.”

शेखर सरांनी दुसऱ्या रिपोर्टवर सही केली. पाचपैकी तीन नापास. माझी सही मी आधीच केली होती. पहिला रिपोर्ट निघालाच नाही. ते पत्र आणि रिपोर्ट घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी जानरावासोबत संग्रामपूरच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेलो, आवकच्या टेबलावर शिक्का मारून घेतला आणि शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो काढला. मी तो जयमालाला पाठवला. शुक्रवारची भराई थांबली.

शनिवारी दुपारी तिचा फोन आला.

“हर्षल, ट्रक आला रे. गोकुळची मानसं सळाखी भरून राह्यली. खामगावले डीलरकडे वापस नेतो म्हने.”

“जाऊ दे.”

“मामाजी जाऊ देऊन राह्यले नाहीत. म्हने, वापस जाते हे कोनं पाह्यलं? चपला घातल्या, भाकर बांधून घेतली अन् ड्रायव्हरच्या बाजूले जाऊन बसले. उतरत नाहीत. गोकुळ हात जोडून राह्यला, तरी उतरत नाहीत. सारं गाव पाहून राह्यलं. तू समजाव ना त्यायले. सत्तर वर्षांचं मानूस.”

“गाव काय म्हनते?”

“काही म्हनते खोटारडा. काही काहीच म्हनत नाही. एका घरून जेवायचं बोलावनं आलं होतं, ते वापस घेतलं.”

मी त्यांना समजावलं नाही. फोन ठेवला आणि पाइपाच्या पट्ट्या जबड्यात लावत बसलो. दीड तासानं जानरावाचा फोन आला. ट्रकच्या घरघरीत त्यांचा आवाज जेमतेम येत होता.

“हर्षल, खामगावले जायाचं तं वरवट बकालवून शेगावकडे वळा लागते ना?”

“हाव.”

“ह्यो नाही वळला. जळगाव जामोदवून आता नांदुऱ्याच्या पुढं आला. मोताळ्याकडे निंघाला. ड्रायव्हर फोनवर कोनाले तरी म्हने, तिकडे मालकाचं शाळेच्या खोल्याईचं काम चालू हाये.” मग आवाज बारीक झाला, बहुतेक त्यांनी तोंडावर हात धरला असावा. “तो चहाले खाली उतरला. त्याले वाटते मले झोप लागली. मी जागाच हावो. माल कोन्या गावात उतरवते ते पाहातो अन् तुले सांगतो. तू कागद-पेन घेऊन बस.”

मी कागद ओढून घेतला आणि पेन उघडलं.